चांद्रयानाचे चाळीस दिवस आणि वैशाखाचे एकतीस

२०२४ पासून २३ ऑगस्ट हा दिवस देशभर राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून साजरा होतो. २०२३ साली याच दिवशी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चा ‘विक्रम’ लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात अलगद उतरला. त्या यशाची आठवण निघाली की एक जुना प्रश्नही हमखास निघतो. अमेरिकेचे अपोलो-११ १६ जुलै १९६९ रोजी निघाले आणि अवघ्या चार-साडेचार दिवसांत चंद्रावर उतरले. मग चौपन्न वर्षांनंतर निघालेल्या भारतीय यानाला १४ जुलै ते २३ ऑगस्ट असे चाळीस दिवस का लागावेत?

या प्रश्नाला समाजमाध्यमांवर दोनच उत्तरे मिळतात. पहिले उत्तर उपहासाचे: बैलगाडीने गेल्यावर उशीर व्हायचाच. दुसरे अभिमानाचे: हा भारतीय जुगाड, कमी पैशांत काम फत्ते. दोन्ही उत्तरे देणारे एकमेकांचे विरोधक असले तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. यान म्हणजे रस्त्यावरून एका वेगाने धावणारी गाडी, आणि चाळीस दिवस लागले म्हणजे गाडी हळू होती, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीतकच चुकीचे आहे. आकाशात कोणतीही वस्तू एका वेगाने चालत नाही. ती लंबवर्तुळात फिरते, जवळ आली की धावते आणि दूर गेली की रेंगाळते. योहानेस केप्लरने हा नियम चारशेहून अधिक वर्षांपूर्वी मांडला. भारतात तो शाळेत शिकवला जातो, अंतराळ मोहिमांत रोज वापरला जातो आणि सरकारी दिनदर्शिकेत छापला जातो. या तिन्ही गोष्टी एकच आहेत हे मात्र कोणी सांगत नाही. भारतातील विज्ञानवार्तेचा आणि विज्ञानशिक्षणाचा खरा दोष इथे आहे.

प्रथम चांद्रयान-३ चा प्रवास पाहावा. एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाने सुमारे ३,९०० किलो वजनाचे हे यान थेट चंद्राकडे फेकले नाही. त्याने ते पृथ्वीभोवतीच्या एका लांबट कक्षेत सोडले. या कक्षेचे जवळचे टोक, म्हणजे उपभू, भूपृष्ठापासून सुमारे १७० किलोमीटरवर होते आणि दूरचे टोक, म्हणजे अपभू, सुमारे ३६,५०० किलोमीटरवर. या आकड्यांवरून वेगाचे गणित कोणालाही करता येते. उपभूपाशी यानाचा वेग सेकंदाला सुमारे १०.३ किलोमीटर होता, तर अपभूपाशी सेकंदाला जेमतेम १.६ किलोमीटर. एकच यान, एकच कक्षा, इंजिन बंद; तरीही दोन टोकांच्या वेगांत साडेसहा पटींचा फरक.

हा फरक कोठून येतो? अंगणातल्या झोक्याकडे पाहिले तर त्याचा अंदाज येतो. झोका वर जाताना मंदावतो, टोकाला क्षणभर थबकतो आणि खाली येताना वेग घेतो. यान पृथ्वीपासून दूर जाते तेव्हा गुरुत्वाकर्षण त्याला मागे खेचत असते, म्हणून ते मंदावते. परत येताना तेच गुरुत्वाकर्षण त्याला पुढे ओढते, म्हणून ते वेग घेते. फरक एवढाच की झोका टोकाला थांबतो. यानाला मात्र आडवी गतीही असते, म्हणून ते थांबत नाही, वळते आणि परततीच्या वाटेला लागते. केप्लरने हाच बदल मोजण्याची रीत दिली. सूर्य आणि ग्रह यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते, हा त्याचा दुसरा नियम. रेषा आखूड असेल तेव्हा तेवढेच क्षेत्रफळ व्यापण्यासाठी ग्रहाला अधिक अंतर कापावे लागते. रेषा लांब असेल तेव्हा थोडे अंतरही पुरते. सूर्याच्या जागी पृथ्वी आणि ग्रहाच्या जागी यान ठेवले तरी नियम तोच राहतो.

आता यानाला अधिक उंच न्यायचे असेल तर इंजिन कोठे पेटवावे? सहज सुचणारे उत्तर असे की जिथे यान आधीच उंच आहे तिथे. योग्य उत्तर नेमके उलट आहे. इंजिन उपभूपाशी पेटवावे, म्हणजे यान सर्वांत खाली आणि सर्वांत वेगात असताना. ठरावीक इंधन जाळून वेगात होणारी वाढ सगळीकडे सारखीच असते. पण यानाला मिळणारी ऊर्जा त्या क्षणीच्या वेगावर अवलंबून असते. सेकंदाला १०.३ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या यानाला दिलेला छोटा धक्का १.६ किलोमीटर वेगाच्या यानाला दिलेल्या तेवढ्याच धक्क्याहून सुमारे साडेसहा पट ऊर्जा देतो. झोक्याला योग्य क्षणी धक्का दिला तर लहान मूलही तो उंच नेऊ शकते, याची आठवण यावी असेच हे गणित आहे.

१५ ते २५ जुलै या काळात चांद्रयान-३ ला असे पाच धक्के देण्यात आले. पाचव्या धक्क्यानंतर अपभू सुमारे १ लाख २७ हजार ६०० किलोमीटरवर पोहोचले. उपभूजवळचा वेग या साऱ्या खटाटोपात किती वाढला? सेकंदाला १०.३ किलोमीटरवरून सुमारे १०.७ किलोमीटर. १ ऑगस्टच्या धक्क्याने तो साधारण १०.८ किलोमीटर झाला आणि कक्षेचे दूरचे टोक ३ लाख ६९ हजार किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या अंतरापर्यंत गेले. एका टोकाला वेगात अर्ध्या किलोमीटरची भर पडली आणि दुसरे टोक दहापट लांब गेले. ५ ऑगस्टला यान चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाच्या कवेत शिरले. तिथे हाच खेळ उलट खेळावा लागला. चंद्राजवळच्या टोकाशी वेग कमी करत १८,००० किलोमीटर लांबीची कक्षा टप्प्याटप्प्याने आवळली गेली, आणि १६ ऑगस्टला ती सुमारे १६० किलोमीटर उंचीवर जवळजवळ गोल झाली.

चाळीस दिवस गेले ते असे. कक्षा मोठी होईल तशी तिची फेरीही लांबते, आणि ती लांबीच्या प्रमाणापेक्षा जास्त लांबते, हा केप्लरचा तिसरा नियम. पहिल्या कक्षेत एका फेरीला पावणेअकरा तास लागत होते. पाचव्या धक्क्यानंतरच्या कक्षेत एकावन्न तासांहून अधिक लागू लागले. त्या वेळेचा फार मोठा भाग यान दूरच्या टोकाकडे रेंगाळण्यात घालवी. उपभूपाशी धक्का देण्याची संधी मिळे ती काही मिनिटांची. अपोलोचा सॅटर्न-५ हा प्रक्षेपक उड्डाणाच्या वेळी २,९०० टनांहून जड होता. एलव्हीएम-३ सुमारे ६४० टनांचा आहे. सॅटर्नकडे वेळ वाचवण्याइतके इंधन होते आणि यानात माणसे असल्याने वेळ वाचवणे आवश्यकही होते. चांद्रयानाकडे वेळ होता आणि इंधन मोजके होते. हा हिशेब ज्याला कळतो तो ‘उशीर’ हा शब्द वापरत नाही. तो ‘जुगाड’ हा शब्दही वापरत नाही, कारण जुगाड म्हणजे नियमाला बगल देऊन काढलेली पळवाट, आणि इथे तर प्रत्येक पाऊल नियमाला धरून टाकलेले आहे.

अभिमानी पक्षालाही काही गोष्टी ऐकवणे आवश्यक आहे. मंगळयानाच्या वेळी साडेचारशे कोटी रुपयांचा खर्च आणि हॉलिवूडच्या चित्रपटाशी त्याची तुलना एवढेच देशभर गाजले. मोठा प्रक्षेपक हाती नसल्याने ५ नोव्हेंबर २०१३ रोजी पीएसएलव्हीने ते यान पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडले. तिथून धक्के देत देत १ डिसेंबरला ते मंगळाच्या वाटेला लागले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरले. पण इंधन मोजकेच असल्याने मंगळाभोवतीची कक्षाही लांबटच ठेवावी लागली: जवळचे टोक सुमारे ४२२ किलोमीटरवर, दूरचे जवळपास ७७,००० किलोमीटरवर, आणि एका फेरीला सुमारे ७३ तास. जवळच्या टोकाशी यान सेकंदाला ४.६ किलोमीटर वेगाने झपकन निघून जाई. दूरच्या टोकाशी त्याचा वेग सेकंदाला जेमतेम २२० मीटर असे. म्हणजे मंगळाचे जवळून निरीक्षण करण्यास अवधी थोडा आणि दूरून पाहण्यास भरपूर. त्या दूरच्या टोकावरून मंगळाचे संपूर्ण बिंब एका चौकटीत टिपता आले, हा या कक्षेचा लाभ. पृष्ठभागाच्या बारीक तपासणीस वेळ अपुरा पडला, ही तिची मर्यादा. सोबत नेलेली पाच उपकरणे मिळून सुमारे १५ किलोंचीच होती. लंबवर्तुळाने खर्च वाचवला आणि त्याची किंमतही वसूल केली. केवळ स्वस्ताईचा जयजयकार करणाऱ्याला या व्यवहाराची दुसरी बाजू कधीच दिसत नाही.

मात्र टप्प्याटप्प्याने जाण्याचा एक गुण किमतीत मोजता येत नाही. ११ नोव्हेंबर २०१३ रोजी मंगळयानाचा चौथा धक्का कमी पडला. वेगात सेकंदाला १३० मीटर वाढ अपेक्षित होती, ती ३५ मीटरच झाली. बातम्यांत काही तास चिंतेचे वातावरण होते. पण यान लांबट कक्षेत सुरक्षित फिरत होते आणि ठरल्या वेळी पुन्हा उपभूपाशी येणारच होते, कारण केप्लरचा नियम कोणाच्या चुकीने मोडत नाही. दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबरला, अधिकचा एक धक्का देऊन उणीव भरून काढली गेली. एकाच झेपेत सगळे करायचे ठरले असते तर ही दुसरी संधी मिळणे अवघड होते. यावरून थेट मार्ग नेहमीच धोक्याचा असतो असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. २०२३ च्या ऑगस्टमध्ये रशियाचे लुना-२५ जलद मार्गाने गेले आणि चंद्रावर कोसळले, तेव्हा भारतात अनेकांनी ‘घाई नडली’ असा शेरा मारला. प्रत्यक्षात ते यान चंद्राच्या कक्षेत सुखरूप पोहोचले होते. उतरण्यापूर्वीची कक्षा साधताना इंजिन ठरल्यापेक्षा जास्त वेळ चालल्याने ते कोसळले. दुसऱ्याच्या अपयशावरून आपल्या मार्गाचे मोठेपण ठरवणे ही विज्ञानाची रीत नाही.

अंतराळ मोहिमा ही दूरची गोष्ट झाली. हाच नियम भारतीय घरांच्या भिंतीवर टांगलेला असतो. आकाशवाणीच्या बातम्यांत आणि भारताच्या राजपत्रावर इंग्रजी तारखेसोबत भारतीय सौर दिनांक असतो. ही राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ या दिवशी लागू झाली. तिची रचना करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते पदार्थवैज्ञानिक मेघनाद साहा, नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हेही तिचे सदस्य होते. दिनदर्शिका लागू होण्याच्या आदल्या वर्षी साहांचे निधन झाले. या दिनदर्शिकेत वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण आणि भाद्रपद हे पाच महिने एकतीस दिवसांचे आहेत. आश्विनापासून फाल्गुनापर्यंतचे सहा महिने तीस दिवसांचे. चैत्र तीस दिवसांचा, लीप वर्षात एकतीसचा. जुलै-ऑगस्टसारखी ही मनमानी वाटणी नाही.

पृथ्वी ३-४ जानेवारीच्या सुमारास सूर्याला सर्वांत जवळ असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. आणि ४ जुलैच्या सुमारास सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. जानेवारीत तिचा वेग सेकंदाला ३०.३ किलोमीटर असतो, जुलैत २९.३. उत्तर भारत थंडीने गारठतो तेव्हा पृथ्वी सूर्याच्या अधिक जवळ असते. सूर्य जवळ आला म्हणून उन्हाळा येतो हा सार्वत्रिक समज यावरूनच खोटा ठरतो. ऋतू अक्षाच्या कलाने होतात. वेगातील हा सेकंदाला एक किलोमीटरचा फरक किरकोळ वाटतो. पण त्याचा परिणाम असा की वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत पृथ्वीला १८६ दिवस लागतात आणि उरलेले अर्धे आकाश ती सुमारे १७९ दिवसांत ओलांडते. साहा समितीने मंद अर्ध्याला एकतीस दिवसांचे महिने दिले. वैशाखातला एकतिसावा दिवस म्हणजे केप्लरच्या दुसऱ्या नियमाची सरकारी नोंद आहे. त्या दिनदर्शिकेसोबत हे एक वाक्य छापण्याची तसदी मात्र घेतली जात नाही.

पारंपरिक पंचांगातही हाच नियम दडलेला आहे. चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा असतो. सूर्य एका राशीत राहतो तो काळ मात्र कमीजास्त होतो. आषाढाच्या सुमारास, मिथुन राशीत, तो साडेएकतीस दिवसांच्या जवळपास असतो. धुंधुरमासात, धनु राशीत, तो साडेएकोणतीस दिवसांहूनही किंचित कमी भरतो. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही तो अधिक मास. सूर्य मंद असेल तेव्हाच संक्रांत चुकण्याची शक्यता जास्त, म्हणून धोंड्याचा महिना बहुधा चैत्र ते आश्विन या काळात येतो. मार्गशीर्ष, पौष वा माघाला तो सहसा येत नाही. उलट एका चांद्रमासात दोन संक्रांती आल्या तर क्षयमास होतो, आणि तो फक्त सूर्य वेगात असतानाच, म्हणजे हिवाळ्याच्या आसपास संभवतो. असे १९६३-६४ आणि १९८२-८३ या वर्षी घडले. पुन्हा घडेल ते २१२३-२४ मध्ये. चांद्रयान-३ च्याच वर्षी अधिक श्रावण होता. तो १८ जुलैला लागला आणि १६ ऑगस्टला संपला. म्हणजे जे लंबवर्तुळ यानाला चंद्राकडे नेत होते, त्याचाच मोठा भाऊ त्या महिन्यात घराघरांत अनारसे आणि जावयाच्या वाणाच्या रूपाने साजरा होत होता. एका घरात दूरदर्शन संचावर यानाची कक्षा दाखवली जात होती, शेजारी पंचांग उघडे होते, आणि दोहोंतला संबंध सांगणारे मात्र त्या घरात कोणी नव्हते.

इथे तिसरा एक गट बोलू लागतो. पंचांगात हे सारे असेल तर पूर्वजांना केप्लरचा नियम आधीच ठाऊक होता, असे त्याचे म्हणणे. त्याचे उत्तर सावधपणे द्यायला हवे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटाने सूर्याची असमान गती मोजली होती. जिथे सूर्य सर्वांत दूर आणि सर्वांत मंद असतो त्या बिंदूला भारतीय ज्योतिर्गणितात ‘मंदोच्च’ म्हणतात. ‘मंद’ आणि ‘उच्च’ हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत. सूर्याच्या स्थानात या असमानतेमुळे पडणारा जास्तीत जास्त फरक प्राचीन ग्रंथांनी सुमारे २ अंश १० कला धरला. आजच्या मोजणीने तो १ अंश ५५ कला येतो. नुसत्या डोळ्यांच्या निरीक्षणावर उभी असलेली ही कामगिरी मोठी आहे. ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचणाऱ्या भास्कराचार्यांनी तर ‘तात्कालिक गती’, म्हणजे त्या क्षणापुरती गती, ही कल्पना वापरली. वेग क्षणोक्षणी बदलतो म्हणून दिवसाची सरासरी पुरेशी नाही, हे त्यांनी ओळखले होते.

तरीही त्यांच्यापाशी लंबवर्तुळ नव्हते. मध्यबिंदूपासून सरकलेली वर्तुळे आणि वर्तुळावरची वर्तुळे यांनी त्यांनी गणित जुळवले, आणि ते इतके चांगले जुळले की शंका घेण्याचे कारण पडले नाही. कारण समजून घेण्यासारखे आहे. पृथ्वीची कक्षा एक मीटर रुंद काढली तर तिची लांबी आणि रुंदी यांत फरक पडतो अवघा ०.१४ मिलिमीटरचा, पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीतच तो बुडून जातो. सूर्य मात्र मध्यापासून सुमारे आठ मिलिमीटर बाजूला सरकलेला दिसतो. म्हणजे कक्षा जवळजवळ वर्तुळच, फक्त सूर्य मध्यावर नाही. सरकलेल्या वर्तुळाची जुनी कल्पना म्हणूनच इतकी यशस्वी ठरली. पाठ्यपुस्तकातली अंड्यासारखी लांबट आकृती याच ठिकाणी विद्यार्थ्याची दिशाभूल करते. ती आकृती पाहून पृथ्वी वर्षातून दोनदा सूर्याजवळ येते असेही अनेकांना वाटते. वास्तविक सूर्य एका नाभीवर असल्याने ती वर्षातून एकदाच जवळ येते.

लंबवर्तुळ सापडले ते मंगळामुळे. मंगळाची कक्षा अधिक लांबट आहे. त्याच एक मीटरच्या आकृतीत लांबी-रुंदीचा फरक चार मिलिमीटरांहून अधिक पडतो. टायको ब्राहेने केलेली मंगळाची निरीक्षणे केप्लरच्या हाती आली. वर्तुळावर आधारलेले त्याचे गणित त्या निरीक्षणांशी जवळजवळ जुळत होते. फरक उरला होता फक्त आठ कलांचा, म्हणजे पूर्ण चंद्राच्या बिंबाच्या सुमारे चौथाई भागाएवढा. केप्लरने तो फरक दुर्लक्षिला नाही. त्याने स्वतःचे अनेक वर्षांचे काम बाजूला ठेवले, वर्तुळ सोडले आणि १६०९ साली लंबवर्तुळ मांडले. समान क्षेत्रफळाचा नियम तर त्याला लंबवर्तुळाच्या आधीच सापडला होता. पूर्वजांकडून घ्यायचे असेल तर निरीक्षणाची चिकाटी घ्यावी, आणि केप्लरकडून घ्यायचे असेल तर आठ कलांपुढे नमते घेण्याचे धैर्य घ्यावे. ‘आम्हाला सगळे आधीच माहीत होते’ असे म्हणणारा या दोहोंपैकी काहीच घेत नाही.

या सगळ्याचा आजच्या भारताशी संबंध काय? अंतराळ कार्यक्रम सार्वजनिक पैशांवर चालतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ आणि शुक्राभोवतीची मोहीम या दोहोंना मंजुरी दिली. पुढल्या मोहिमा अधिक गुंतागुंतीच्या आणि अधिक खर्चाच्या असणार. त्यांतल्या काही फसतीलही. अशा वेळी नागरिकापाशी उपहास आणि जयघोष एवढीच दोन साधने असतील, तर चांगला निर्णय आणि वाईट निर्णय यांत त्याला भेद करता येणार नाही. मोहीम हळू गेली की तो चिडेल, स्वस्त झाली की नाचेल, फसली की निराश होईल. हळू का, स्वस्त कशाच्या बदल्यात, आणि फसली ती कोणत्या पावलावर, हे प्रश्न त्याला सुचणारच नाहीत. जे प्रश्न नागरिकाला सुचत नाहीत ते संस्थेला विचारले जात नाहीत, आणि ज्या संस्थेला प्रश्न विचारले जात नाहीत तिचे कालांतराने नुकसानच होते.

उपाय महागडे नाहीत. इस्रो प्रत्येक टप्प्यानंतर कक्षेच्या दोन टोकांची उंची जाहीर करते. वृत्तपत्रे आणि वाहिन्या ते आकडे जसेच्या तसे छापतात आणि वाचकाला त्यांचा काहीच बोध होत नाही. त्या दोन आकड्यांशेजारी दोन टोकांचे वेग आणि फेरीचा काळ एवढे दिले तरी सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे यान हलू लागेल. डिसेंबर २०२४ मध्ये श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने युरोपची प्रोबा-३ ही जुळी याने ६०० बाय ६०,५३० किलोमीटरच्या कक्षेत सोडली. एक यान सूर्यबिंब झाकते आणि दुसरे त्या सावलीतून सूर्याचा प्रभामंडल पाहते. ही नाजूक जुळणी कक्षेच्या दूरच्या टोकाशी केली जाते, कारण तिथे याने मंद असतात. जिथे धावायचे तिथे धावणारी आणि जिथे थबकायचे तिथे थबकणारी कक्षा मुद्दाम निवडली होती, हे एक वाक्य त्या बातमीत घालता आले असते. बहुतेक ठिकाणी बातमी ‘भारताने आणखी एक परदेशी उपग्रह सोडला’ इथेच संपली.

शाळेतही तेवढाच बदल पुरेल. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानात आणि राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावीच्या पदार्थविज्ञानात केप्लरचे तीन नियम आहेत. विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्याच पानावर चांद्रयानाच्या कक्षांचा तक्ता द्यावा आणि दोन टोकांचे वेग काढायला सांगावे. राष्ट्रीय दिनदर्शिकेतले एकतीस दिवसांचे महिने मोजायला सांगावे. घरातल्या पंचांगातल्या संक्रांतींमधील दिवस वर्षभर टिपायला सांगावे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. भिंतीवरची दिनदर्शिका आणि कागद-पेन्सिल पुरते. ज्या मुलाने धुंधुरमासाचे दिवस आणि आषाढातल्या सौर मासाचे दिवस स्वतः मोजून त्यांतला दोन दिवसांचा फरक पाहिला, त्याला केप्लरचा दुसरा नियम पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

चांद्रयान-३ चे चाळीस दिवस हा दोष नव्हता आणि चमत्कारही नव्हता. उपलब्ध प्रक्षेपक, मोजके इंधन आणि हाती असलेला वेळ यांचा तो नियमाला धरून केलेला हिशेब होता. तो हिशेब मांडणारे अभियंते देशात आहेत, ही आनंदाची गोष्ट. तो वाचू शकणारे नागरिक तेवढ्याच संख्येने घडवणे हे काम अजून बाकी आहे. पुढच्या वेळी यान चंद्राकडे निघेल आणि ‘इतका उशीर का?’ हा प्रश्न पुन्हा विचारला जाईल, तेव्हा एखाद्या दहावीच्या विद्यार्थिनीने दिनदर्शिकेतला वैशाख उघडून त्याचे उत्तर द्यावे. तोवर राष्ट्रीय अंतराळ दिन हा केवळ अभिनंदनाचा दिवस राहील.